भोयर सरांचा कॉन्व्हलेसन्स

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर आईबाबांना बाजूला ठेवून मी घाटंजीच्या भोयर सरांचं नाव घेतो. आईबाबांचं ऋण वेगळंच. पण आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणाच्या नावापुढं बी.ए. लागलं ते सरांमुळं. त्यातही त्यांनी वर्गात शिकवलेल्या धड्यांपेक्षा मला झालेल्या टायफॉईडचा वाटा मोठा आहे. ते कसं, ते पुढं सांगतो. आधी सर.

भोयर सर आजारी माणसाला भेटायला जात नाहीत. सख्खा शेजारी असला तरी नाही.

आमच्याकडं माणूस दवाखान्यात भरती झाला की अर्धी गल्ली जीप करून यवतमाळला जाते. खाटेभोवती उभी राहते, सलाईनच्या बाटलीकडं बघते. मग कोणीतरी म्हणतं, "अस्संच आमच्या साडभावाले झाल्तं," आणि साडभावाचं पुढं काय झालं, ते खाटेवरच्या माणसाला नीट ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात सांगतं. त्यानंतर सगळे बाहेर येऊन कचोरी खातात. भेट झाली, कर्तव्य संपलं. आता तो माणूस एकदम कोणाच्या लग्नात दिसला तरी चालतो.

त्या जीपमध्ये सर कधी बसले नाहीत. पण तोच माणूस घरी परतायचा, येणाऱ्यांची रीघ आटायची, नारळपाणी बंद व्हायचं आणि घरातली माणसं "आता थोडं उठून पाहा बरं" म्हणू लागायची. अशा एखाद्या दुपारी दारात सायकलची घंटी वाजायची. कॅरिअरवर दोरीनं बांधलेली घडीची लोखंडी खुर्ची असायची. सर ती सोडायचे, खाटेजवळ उघडायचे आणि बसायचे. खुर्ची स्वतःची का, तर त्यांचं म्हणणं, "भेटाले येणारा खाटेवर बसते. मंग पेशंट पाय आखडून घेते. आखडलेल्या पायानं कोणी बरं होते का?"

जिनिंगमधले मुकादम रामभाऊ हर्नियाचं ऑपरेशन करून आले तेव्हा मी शाळेत होतो. सरांनी मला डबा धरायला सोबत नेलं होतं.

"कसे आहात, रामभाऊ?"

"बरा झालो सर. टाके निंगाले. उद्यापासून कामावर."

"बरे झाले नाही तुम्ही. बरे होऊन राह्यले."

"एकच न जी ते?"

"एकच कसं? घाटंजीले पोचणं अन् घाटंजीच्या गाडीत बसणं एकच आहे का?" सरांनी डबा उघडला. आत त्यांनी स्वतः वळलेले डिंकाचे लाडू होते. "आपल्या इकडं बाळंतिणीले सव्वा महिना देते. शेक देते, लाडू देते, पाण्यात हात घालू देत नाही. मंग बाकीच्यायनं काय पाप केलं? तुम्ही आता असं समजा, का तुम्ही बाळंतीण आहात."

रामभाऊंच्या मिशा ताठ झाल्या. "मी बाळंतीण हावो?"

आतून त्यांच्या बायकोचा हसण्याचा आवाज आला तो थांबेचना. जिनिंगमध्ये ही गोष्ट पोहोचली आणि पुढं कित्येक महिने रामभाऊंना मजूर विचारायचे, "मुकादम, पोरगं झालं का पोरगी?" पण रामभाऊ घरी राहिले, एवढं खरं. लाडू मात्र त्यांना खाता आले नाहीत. सरांचे लाडू फोडायला पाटा-वरवंटा लागायचा.

सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. एक शब्द हा त्यांचा जीव की प्राण होता: कॉन्व्हलेसन्स. पाठ्यपुस्तकात तो नव्हता, परीक्षेत कधी आला नाही. तरी घाटंजीच्या त्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला तो येतो. ज्याला 'आय' आणि 'ॲम' मधलं नातं कधी उमगलं नाही, तोही हा शब्द बिनचूक लिहून दाखवतो.

"तीन शब्द लक्षात ठेवा," सर फळ्याला पाठ टेकवून सांगायचे. "क्युअर डॉक्टर करते. त्याची फी घेते. हील जखम होते. तिचं तिले कळते, आपल्याले विचारत नाही. अन् कॉन्व्हलेस माणसाले करा लागते. आजार गेला, ताकद अजून यायची आहे, त्या दोहीच्या मधात जो पडून आहे त्याचं काम आहे ते. हे तीन एकमेकांच्या जागी वापरले तं मले तोंड दाखवू नका. युसेज, बाबू, युसेज!"

हे "युसेज, बाबू" ते मुख्याध्यापकांनाही म्हणायचे.

त्यांचा खरा शत्रू होता रजेचा अर्ज. नववीत मी दोन दिवस तापानं घरी होतो. तिसऱ्या दिवशी, पिढ्यान् पिढ्या लिहितात तसा अर्ज नेला: ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर. सरांनी तो वाचला, मला पुढं बोलावलं, कपाळाला हात लावला.

"थंड आहे तू."

"हो सर."

"मंग सफरिंग कोण करून राह्यलं? तुहा अर्ज?"

वर्ग हसला. सरांनी लाल पेनानं ओळ खोडली आणि वर लिहिलं की हा विद्यार्थी तापातून उठून सावरतो आहे, म्हणजे तो आठवडाभर कॉन्व्हलेसंट आहे. पीटीला त्याला पळवू नये. पीटीचे सर भांडायला आले. शाळेचे बाबू म्हणाले, रजिस्टरात आजारी आणि हजर असे दोनच प्रकार आहेत, हा तिसरा कुठं लिहू? सर म्हणाले, "तोच तं प्रॉब्लेम आहे बाबूसाहेब. तिसऱ्याले कोणी लिहीतच नाही." शेवटी मला पीटीच्या तासाला लिंबाखाली बसवण्यात आलं. माझ्या सोबतीला आणखी सात-आठ जण अचानक कॉन्व्हलेसंट झाले. त्या सगळ्यांच्या कपाळाला सरांनी हात लावून पाहिला आणि एकेकाला मैदानात पिटाळलं.

मग बारावीत मला टायफॉईड झाला.

दिवाळी होऊन गेली होती. वेचणी भरात होती. आमचं थोडं कोरडवाहू वावर, बाकी आईबाबा दुसऱ्यांच्या कापसात जायचे. ताप गेला तेव्हा माझे पाय पऱ्हाटीच्या काडीसारखे झाले होते. दारापर्यंत गेलो तरी भिंत धरावी लागायची. बाबांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "उतरला न ताप? मंग उद्या चाल आमच्या संगं. जेवढं झालं तेवढं वेच. बोंडं लोंबून राह्यले." बाबा कठोर नव्हते. ताप गेला म्हणजे आजार गेला, एवढंच त्यांना आणि त्यांच्या बापाला ठाऊक होतं. ते स्वतः तापातून उठून तसेच वावरात गेले होते. बारावीचं वर्ष तर आपोआपच गेल्यात जमा होतं, त्याबद्दल कोणी बोलतही नव्हतं.

त्याच संध्याकाळी आमच्या वस्तीत सायकलची घंटी वाजली.

सरांनी खुर्ची उघडली. बसले. बाबांना म्हणाले, "टायफॉईड गेला, हे बरोबर. पण आता विलासचा कॉन्व्हलेसन्स चालू आहे."

बाबांनी डोक्याचा दुपट्टा काढला आणि ते हळूच खाली बसले. "हा टायफॉईडहून मोठा आहे का जी?"

मी सरांकडं पाहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी 'टेक'ऐवजी 'ड्रिंक मेडिसीन' म्हटलं म्हणून त्यांना भर वर्गात थांबवणारा हा माणूस. आता बाबांना अर्थ, व्युत्पत्ती आणि तीन वाक्यं ऐकावी लागणार, हे मला माहीत होतं. सरांनी तोंड उघडलं. माझ्या पायांकडं पाहिलं. तोंड मिटलं.

"मोठा नाही," ते म्हणाले. "लांब आहे."

"औषध?"

"जेवण, झोप अन् पुस्तकं. वावरात नेलं तं उलटते."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला कळलं की इलासचा टायफॉईड गेला आणि त्याला कॉन्व्हलेसन्स झाला. शेजारच्या शांतामावशीनं पोराला माझ्या खाटेपासून ओढत नेलं, "लागन न बाप्पा तुले!" मोठी आत्या महागावहून आली, माझे डोळे उघडून पाहिले आणि म्हणाली, "पिवळे नाही. मंग हा रक्तातला असन." एकानं नागपूरला न्यायला सांगितलं. एकानं त्याच्या ओळखीतला एक जण यातच गेला असंही सांगितलं. माय रोज मला गरम भाकर कुस्करून दूध घालून द्यायची आणि मी जेवत असताना दुसरीकडं तोंड करून डोळे पुसायची.

आणि सर रोज यायचे. मला वाटलं होतं शिकवतील. पहिल्या दिवशी त्यांनी मला पुस्तक दिलं, खुर्चीत बसले आणि थोड्या वेळात घोरायला लागले. जागे झाले की मला दारापर्यंत चालवायचे. मग अंगणातल्या बोरीपर्यंत. मी धापा टाकत बसलो की "वा" म्हणायचे, जसं काही मी कुस्ती मारून आलो. अडलेला शब्द विचारला तर सांगायचे, नाहीतर गप्प. ते शिकवायला येत नव्हते, नुसते बसायला येत होते, हे कळायला मला बरेच दिवस लागले. माणूस जवळ नुसता बसलेला असला की वाचलेलं डोक्यात राहतं, हेही तेव्हाच कळलं.

बाजाराच्या दिवशी बाबा घाटंजीच्या डॉक्टरांकडं गेले. "डाक्टरसाहेब, पोराच्या कॉन्व्हलेसन्सवर कडक इंजेक्शन द्या. पैशाचं मी पाहून घेतो." डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी बाबांना बसवून सगळं समजावून सांगितलं.

बाबा परत आले तेव्हा सर आमच्याकडंच होते. बाबांनी सायकल टेकवली, घरातून तांब्या आणला, सरांच्या हातात दिला.

"डाक्टरसाहेबांनी सांगतलं जी मले."

सर खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता खुर्ची मिटणार आणि मी उद्या कापसात.

"बसा," बाबा म्हणाले. "चालू द्या अजून थोडे दिवस."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त त्याच्या मायले सांगू नका. ते कापसाच्या दोन ओट्या जास्त वेचून राह्यली यापायी."

मी बारावी पास झालो. यवतमाळला कॉलेजात गेलो. पदवीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आधी सरांकडं गेलो. सरांचं घर दोन खोल्यांचं. लग्नाचं विचारलं की ते "राहून गेलं" म्हणायचे, बस चुकल्यासारखं. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "सर, एवढ्या मोठ्या डिक्शनरीत तुम्हाला हाच शब्द कसा सापडला?"

पेढा तसाच हातात धरून ते सांगू लागले.

"वणीले होतो मी. पहिली नोकरी. खोली घेतल्ती भाड्यानं. कावीळ झाली. दवाखान्यात होतो तंवर सारा स्टाफ येऊन गेला, केळी संपे नाही एवढी. मंग घरी आणून सोडलं. झालं. त्यायच्या हिशोबानं मी बरा झाल्तो. दुपारी पडून राहो. समोर माठ. भरलेला. तहान लागलेली. पण उठून जायले जीव नाही. रस्त्यानं कोळशाचे ट्रक जात, सारी खोली हाले, माठावरचं झाकण वाजे. मी त्या झाकणाकडं पाहत राहो."

त्यांनी पेढा या हातातून त्या हातात घेतला.

"डिक्शनरी उशाशी होती, झोप येत नाही म्हणून चाळे. तवा हा शब्द दिसला. अर्थ वाचला, अन् विलास, मी रडलो बे. म्हटलं, याले नाव आहे! म्हंजे कोणंतरी, कुठंतरी, अशा माणसाच्या बाजूनं बसलं असन. त्याले पाह्यलं असन. पाह्यल्याबिगर नाव कसं ठेवन?"

मग एकदम पेढा तोंडात टाकला. "साखर जास्त आहे. कुठून आणले?"

आता मी नाशिकला नोकरी करतो. सर कधीचेच निवृत्त झाले. यंदा पोळ्याच्या सुमारास त्यांच्या छातीत दुखलं, नागपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी आली आणि जो तो निघाला. वणीहून, महागावहून, पुण्याहूनसुद्धा. मीही गेलो. दवाखान्याच्या जिन्यावर आमचं स्नेहसंमेलनच भरलं होतं. सर खाटेवरून प्रत्येकाला दटावत होते, "आता कायले आले? जा घरी. मी घरी गेल्यावर या." सगळे हसत होते. सर अजून तस्सेच आहेत, म्हणत होते. फोटो काढले. बाहेर येऊन चहा घेतला.

सर घरी पोहोचले त्या दिवशी ग्रुपवर आलं, "सर एकदम ओके." त्याखाली जोडलेले हात, फुलं, अंगठे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी प्लॉटची जाहिरात टाकली.

मी फोन केला. "कसे आहात सर?"

"क्युअर्ड," सर म्हणाले. "कम्प्लीटली क्युअर्ड."

हा शब्द अशा जागी आम्हा कोणाच्या तोंडून निघाला असता तर सरांनी तास संपेपर्यंत उभं ठेवलं असतं. त्यांना तो चुकून आला नव्हता. माझी रजा, माझा प्रवास, माझं पोर शाळेत, हे सगळं डोळ्यांपुढं आणून त्यांनी तो निवडला होता.

"येऊ का सर?"

"कायले? तुह्यं हापिस सोडून? अजिबात नको येऊ."

मग मी त्यांच्या शेजारच्या रेखाताईंना फोन लावला. त्या दोन्ही वेळचा डबा पोचवतात, पण त्यांना शिलाईचं काम असतं, बसायला सवड नसते. त्या म्हणाल्या, "काय सांगू भाऊ. दुपारभर दारात बसून राह्यते अन् रस्त्याकडं पाह्यते. कोणी आपल्याच घराकडं वळून राह्यलं असं वाटलं का उठून आत जाऊन पडते, भिंतीकडं तोंड करून. लोकं म्हणते, झोपले असन, अन् चालले जाते. ते गेले का सर परत दारात. मी म्हटलं, सर, आत काहून जाता? तं म्हणे, दुसऱ्याच्या दारी कसं बसा लागते हे मले माहीत आहे रेखा. आपल्या दारी कोणी आलं तं काय करा लागते, ते माहीत नाही."

फोन ठेवला आणि सरांना पत्र लिहिलं. फोनवर त्यांनी पुन्हा नको म्हटलं असतं. पत्राला नको म्हणायला वेळ लागतो, तेवढ्यात मी पोहोचेन. ते पत्र असं:

सर,

सविनय जयभीम.

शनिवारी दुपारच्या यवतमाळच्या गाडीनं येतो आहे. रजा मंजूर झाली आहे, तेव्हा त्यावर बोलायचं नाही. साहेबांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? मी नाही म्हटलं. मग रजा कशाला? मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी सही केली.

मी तुमची तब्येत विचारणार नाही. तुम्हाला मला काही शिकवायचं नाही, चहा करायचा नाही, आणि मी कंटाळलो का असंही विचारायचं नाही. मला स्वयंपाक बरा येतो. मुगाची खिचडी आणि कढी नक्की येते. माय आता इथं माझ्याकडंच असते, तिनं तुमच्यासाठी तिळाचे लाडू दिले आहेत. ती म्हणाली, सरांना म्हण, नको न म्हणता हे सगळे खावे, माझ्या पोराजवळ रोज येऊन बसले तेव्हा त्यांनी तरी मला कुठं विचारलं होतं.

मला वणीची ती खोली अनेकदा दिसते. मी तिथं नव्हतो, माझा जन्मही झाला नव्हता. तरी दरवेळी वाटतं की आपण उठावं आणि माठातलं पाणी काढून द्यावं. ते आता होणं नाही. घाटंजी मात्र एका दिवसाच्या वाटेवर आहे.

एकच विनंती आहे. तुम्ही दारात बसलेले असाल तर बसूनच राहा. मला वळताना पाहून आत जाऊ नका. गेलात तरी मी परत जाणार नाही, उंबऱ्यावर बसून राहीन. पण सर, नाशिकहून इतक्या लांब येतो आहे. कोपऱ्यावरून वळलो की तुम्ही मला दिसावेत, एवढंच वाटतं.

तुमचा,
विलास